नाणेफेकीवरून आठवण

प्रिय सुध्या,

सात महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही. सबबी भरपूर आहेत, पण तू एकही मानणार नाहीस, तेव्हा राहू दे. गुडघा ठीक, साखर आटोक्यात.

लिहायला बसलो ते एका मुलीमुळे. वर्गातल्या वादविवादात कोण कुठली बाजू मांडणार याची नाणेफेक झाली, 'मृत्युदंड रद्द करावा' या ठरावाची अनुकूल बाजू तिच्या वाट्याला आली. बाकीचे गेल्यावर मला म्हणते, "जे पटत नाही ते मी चांगलं बोलले, तर मी खोटारडी का?" अरे, शब्दन् शब्द तुझा! वर तुझं ते १९५४ : अमेरिकेतल्या महाविद्यालयांना त्या वर्षी कम्युनिस्ट चीनला मान्यता द्यावी की नाही हा विषय होता, आणि वेस्ट पॉइंटच्या लष्करी नि ॲनापोलिसच्या नौदल अकादमीनं अनुकूल बाजू मांडायला नकार दिला. "सैनिकांना कळलं ते मास्तरांना कळत नाही," हे तू मला किती वेळा ऐकवलंस! नकार अकादम्यांचा होता रे, पोरांना विचारलं होतं कुणी? असो. ते भांडण आता नको. (हवं तर पुढच्या पत्रात.)

तू म्हणायचास, दोन्ही बाजू बोलायला लावून पोरं दुतोंडी होतात. माझा अनुभव असा की एकच बाजू धरणारी पोरं जास्त बेमालूम थापा मारतात. याच ठरावातला कागद घे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा २०१२ चा अहवाल सांगतो की मृत्युदंडामुळे खून घटतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, हे आजवरच्या अभ्यासांवरून ठरवता येत नाही. अनुकूलवाला लगेच ठोकून देतो, "फाशीनं गुन्हे कमी होत नाहीत, सिद्ध झालंय." प्रतिकूलवाला तोच कागद लपवून ठेवतो. म्हणून वहीत एक पान, मधोमध रेघ, आणि प्रत्येक पुरावा दोन्ही रकान्यांत लिहायचा : इथे हा काय सिद्ध करतो, आणि तिथे काय. अनुकूल रकान्यात मग फार तर एवढंच उरतं, "धाक बसतो हे दाखवता आलेलं नाही, जीव घेणाऱ्या शिक्षेला एवढा आधार पुरेसा आहे का?" मुद्दा बारीक झाला, पण खरा झाला. फाशी घटनेला धरून आहे का, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं त्या बचनसिंग खटल्याचंही तेच. पोरं १९८० चा, फाशी कायम ठेवणारा, बहुमताचा निकाल वाचून थांबतात. पाचव्या न्यायमूर्तींचं, भगवतींचं, फाशीविरुद्धचं भिन्नमत १९८२ साली आलं, ते कुणी उघडतच नाही. प्रतिकूल बाजूवाल्याला मी आधी ते वाचायला देतो.

नाणं मुद्दाम उशिरा उडवतो, दोनच दिवस आधी. आठवडाभर आधी उडवलं की समोरच्या बाजूचा रकाना कोराच राहतो. स्पर्धांतल्या वादविवादाच्या ब्रिटिश संसदीय पद्धतीत तर ठराव कळल्यापासून पंधराच मिनिटं मिळतात, पण ती मुरलेल्यांची गोष्ट. नवख्यांच्या हातात पंधरा मिनिटांत फक्त घोषणा येतात.

ठरावाची भाषा हे खरं दुखणं. 'बंदी नसावी' असं लिहिलं की प्रतिकूल बाजूवाला म्हणजे 'बंदी असावी' म्हणणारा, आणि तिसऱ्या मिनिटाला दोघंही एकमेकांची बाजू मांडायला लागतात. परीक्षकसुद्धा चुकतात. 'कडक कायदे हवेत' हाही निकामी ठराव : कडक म्हणजे किती, यावरच वेळ जातो. आणि ठराव धोरणावर हवा, माणसांवर नको. 'अमुक लोकांना अमुक हक्क असावा का' असं विचारलं की वर्गात त्यातलं कुणी बसलेलं असतंच, आणि त्याच्यासमोर त्याचाच हिशेब मांडला जातो.

खंडनाला उभं राहिल्यावर समोरच्याचा मुद्दा आधी एका वाक्यात सांगायचा. त्यानं मान डोलावली तरच पुढे. मान डोलली नाही तर पुन्हा सांग, घड्याळ चालूच. आपल्याकडे शास्त्रचर्चेत खंडनाआधी समोरच्याचं म्हणणं मांडतात त्या पूर्वपक्षाचं हे भावंड. बुजगावणं उभं करून त्यालाच बडवायची सवय यानं बऱ्यापैकी मोडते. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्काच्या आपल्या जुन्या ग्रंथात, चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितलेत. वितंडा म्हणजे स्वतःची बाजूच न मांडता नुसतं समोरच्याचं पाडणं. मला उगाच कुणाची तरी आठवण झाली.

मग अडलंय कुठे? 'मला पटत नाही' एवढ्यावर मी बाजू बदलून देणार नाही. न पटणाऱ्या बाजूसाठीच तर ही मेहनत. पण विषय घरातलाच असेल तर द्यायलाच हवी. एखाद्याच्या घरी खून झालेला असतो, कुणाचा मामा तुरुंगात असतो. हे कळायचं कसं? कारण विचारलं की ते चारचौघांत उघडं पडतं, न विचारलं की जो तो हात वर करतो. म्हणून चिठ्ठ्या केल्या : दहा ठराव फळ्यावर, प्रत्येकानं नको असलेला एक लिहायचा, नाव नाही, कारण नाही, चिठ्ठी आली की तो ठराव बाद. पण ज्यात जीव आहे तेच ठराव बाद होतात. इच्छामरण गेलं, आरक्षण गेलं. मागे उरलं 'मोबाइल : शाप की वरदान'! तेव्हा दोन चिठ्ठ्या आल्या तरच बाद, असं केलं. यात एकट्या पडलेल्या पोराचं काय, याला माझ्याकडे उत्तर नाही. ती मुलगी नुसत्या मतानं अडली होती की आणखी कशानं, तेही मी विचारलेलं नाही.

तुझी बदली झाली म्हणे, पत्ता तोच ना? चिन्मयला प्रवेश मिळाला का? वहिनींना नमस्कार सांग.

सोबत पुढच्या फेरीचे तीन ठराव पाठवतोय. भाषा तपास, आणि यातल्या कुठल्यावर तू स्वतः चिठ्ठी टाकली असतीस ते लिही. कारण नको.

तुझा,
बाळ्या