नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र : बेळगावात पायी चालणाऱ्याच्या वाट्याला काय?

प्रति,
मा. नगरविकास मंत्री, कर्नाटक राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

मी शहापुरात राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. पावसाळ्याच्या तोंडावर घराजवळच्या फूटपाथवरील उघड्या चेंबरमध्ये पाय जाऊन मी पडले आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर निघाले, तरी अजून मला वेणी घालता येत नाही, दाराचे कुलूप उघडायला शेजारणीला हाक मारावी लागते. तक्रार केल्यावर संबंधित अधिकाऱ्यांनी गल्लीतल्या लोकांसमोर शब्द दिला होता की, फूटपाथ नव्याने बांधून देऊ आणि कडेने सायकलींसाठी पट्टा आखू. गेल्या आठवड्यात काम झाले. होता तो फूटपाथ निम्म्याहून अधिक कापून गाड्यांचा रस्ता रुंद करण्यात आला, सायकलचा पट्टा आखलाच नाही, आणि उरलेल्या चिंचोळ्या जागेत विजेचा खांब मधोमध उभा आहे. विचारणा केली तेव्हा निधी डांबरीकरणापुरताच मंजूर होता, असे उत्तर मिळाले.

महोदय, मला या उत्तराचा हाडाच्या दुखण्यापेक्षा जास्त त्रास झाला. डांबराला निधी असतो, दुभाजकाला असतो, चौकातल्या दिव्यांना असतो, आणि चालणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्यातून काही उरले तरच येते. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या 2012 च्या निकषांनुसार निवासी भागातही फूटपाथची अडथळारहित रुंदी किमान 1.8 मीटर हवी, आणि त्याची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. म्हाताऱ्या माणसाला काठी टेकत चढता यावे, म्हणून ती मर्यादा आहे. आपण एकदा गाडीतून उतरून गणपत गल्लीतून खडेबाजारापर्यंत पायी यावे आणि हे दोन आकडे कुठे सापडतात ते स्वतः पाहावे.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली आणि त्यांत 32,825 पादचारी होते. म्हणजे मेलेल्या दर पाचांतला जवळजवळ एक जण पायी चालत होता. माझ्यासारखे पडून हात मोडलेले, गुडघा फुटलेले लोक कोणत्या वहीत नोंदले जातात? चेंबरमध्ये पडलेल्या बाईला कोणत्याही वाहनाने धडक दिलेली नसते, त्यामुळे तिचा अपघात सरकारदरबारी घडतच नाही.

पैसा नव्हता, हे मला पटत नाही. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या 20 शहरांत बेळगावची निवड झाली, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. प्रत्येक शहराला केंद्राचे 500 कोटी आणि राज्याचा तेवढाच वाटा, अशी त्या योजनेची रचना होती. काही रस्ते चांगले झाले, हे मी मान्य करते. पण 31 मार्च 2025 रोजी योजनेची मुदत संपली, आणि आता उखडलेली फरशी कोणी बसवायची, हे विचारायला गेले की एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. या योजनेचे निर्णय घेण्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन करायची आणि जाब मात्र ज्याला फारसे अधिकार उरले नाहीत अशा नगरसेवकाला विचारायचा, ही पद्धतच मुळात नागरिकाची फसवणूक आहे. एक खाते रस्ता करते, दुसरे महिन्याभरात जलवाहिनीसाठी तोच खोदते, तिसरे केबल टाकते, आणि खड्डा बुजवण्याआधीच ठेकेदाराचे बिल निघालेले असते.

फूटपाथ अडले की सर्वात आधी भाजीवाल्या बायकांना उठवले जाते. कडोली, बेळगुंदीकडून पहाटे पाटी घेऊन येणाऱ्या या बायकांसाठी 2014 चा फेरीवाला कायदा आहे, त्यांना जागा आखून देणे हे प्रशासनाचे काम आहे. त्यांच्या पाट्या उचलणारे हात फूटपाथवर चढवलेल्या मोटारींकडे मात्र वळत नाहीत. आणि सायकल ही काही हौशी लोकांची चैन नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत पाळीला जाणारे कामगार आणि वडगाव, खासबागचे विणकर आजही सायकल चालवतात. खानापूर रोडवर ट्रक आणि बसच्या मधून, अंगावर चिखल घेत, ही माणसे कामाला जातात. सौम्य हवेच्या या शहरात सायकलीला सुरक्षित वाट देणे परवडत नसेल, तर मग ती कुठे परवडणार?

14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फूटपाथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आहे. त्यामुळे मी भीक मागत नाही. महापालिकेच्या अंदाजपत्रकात पादचारी आणि सायकल मार्गांसाठी वेगळे लेखाशीर्ष असावे आणि त्यातला पैसा डांबराकडे वळवता येऊ नये. रस्ता खोदणाऱ्या खात्याने फूटपाथ पूर्ववत केल्याशिवाय ठेकेदाराचे बिल देऊ नये. कामाचा आराखडा मंजुरीपूर्वी त्या त्या प्रभागात लावावा, आणि तो कन्नडबरोबर मराठीतही लावावा, कारण शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांत तो वाचून हरकत घेणारी माणसे मराठी वाचतात.

हिवाळी अधिवेशनासाठी सरकार बेळगावच्या सुवर्णसौधात, म्हणजे इथल्या विधिमंडळाच्या इमारतीत, येते. येत्या अधिवेशनात, बेळगावच्या फूटपाथांसाठी गेल्या पाच वर्षांत किती रक्कम मंजूर झाली, किती खर्च झाली आणि किती दुसरीकडे वळवली, याचे प्रभागवार उत्तर आपण सभागृहाच्या पटलावर ठेवावे, अशी माझी मागणी आहे.

आपली,
शहापूर, बेळगाव येथील एक निवृत्त शिक्षिका