साहेब, आमच्या कबरस्तानाची नोंद सातबाऱ्यावर कधी होणार?

माननीय अल्पसंख्याक विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय शालोम.

मी ठाण्यात राहणारी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजाची बाई, वय ६३. बाबांना जाऊन वर्ष झालं, म्हणून गेल्या रविवारी आम्ही रायगड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या कबरस्तानात गेलो. कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची आमची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. ते जमवण्यात दोन महिने गेले, दोघांना तर पुण्याहून बोलावलं.

पोचलो तर भिंत आडवी झालेली. रस्त्याच्या कामासाठी जेसीबी आतून नेला होता. उरलेली खडी आणि डांबराची रिकामी पिंपं कबरींवर टाकून सगळे निघून गेले होते. बाबांच्या दगडाचे दोन तुकडे. हिब्रू ओळी खडीखाली, आणि खालच्या मराठी मजकुरातलं फक्त ‘राज्य परिवहन’ एवढं वाचता येत होतं. बाबा ३१ वर्षं एसटीचे ड्रायव्हर. शनिवार आमचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस; त्या दिवशीची ड्युटी बदलून मिळावी म्हणून दिवाळीच्या सगळ्या रात्री गाडी चालवायचे. माझ्या मुलाने हातांनी खडी उपसली, तेव्हा कुठे त्या दहा जणांना उभं राहायला जागा झाली.

सोमवारी तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथे सांगण्यात आलं की ती जागा कबरस्तान म्हणून नोंदलेलीच नाही, सातबाऱ्यावर ती ‘सरकारी पड’ आहे. माझ्या आजोबांचे आजोबा तिथे पुरलेले आहेत, साहेब! आमच्यात एकदा मातीत ठेवलेलं माणूस हलवत नाहीत. तक्रार लिहून दिली, तर धर्माच्या रकान्यात काय लिहायचं यावर घोडं अडलं. ‘ज्यू म्हणजे ख्रिश्चनच ना? तसंच टाकतो.’ मी नाही म्हटलं. मग ‘इतर’ लिहिलं.

२०१६ साली राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्या आठवड्यात आईने घरी मलिदा, आमचा आभाराचा प्रसाद, केला होता. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताचं नाव घेऊन तिने शेजाऱ्यांनाही वाटला. तिला वाटलं होतं, आता कुठल्या खिडकीवर आपण कोण ते समजावून सांगावं लागणार नाही. केंद्राच्या यादीत मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आहेत, २०१४ पासून जैनही आहेत. आम्ही नाही. जनगणनेतही आम्ही ‘इतर धर्म’. २०११ च्या मोजणीत अख्ख्या महाराष्ट्रात आम्ही जेमतेम अडीच हजार भरलो. एवढ्याशा मतांसाठी कोण कशाला धावेल, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

पण इतर कोण? आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, असं आम्ही पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. तेलाचे घाणे चालवले, शनिवारी बैल सोडले, म्हणून कोकणाने आम्हाला ‘शनिवार तेली’ म्हटलं. पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर ही आमची आडनावं. वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाचा, ते १९३७ साली मुंबईचे महापौर होते, आमच्याच समाजाचे. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायल-गाझा युद्ध पेटल्यापासून जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मला विचारतो, ‘तुमच्याकडे काय परिस्थिती?’ माझा भाऊ इस्रायलमध्ये अश्दोदला आहे, तिथे सायरन वाजला की मी इथे रात्रभर जागी असते. गाझातली पोरं दिसली की घास उतरत नाही, तेही तितकंच खरं. पण ‘तुमच्याकडे’ म्हणजे कुठे? माझं घर ठाण्यात आहे. माझी माणसं रायगडच्या मातीत आहेत, आणि त्या मातीच्या उताऱ्यावर त्यांचा पत्ता नाही. हे राज्य जिवंतपणी एक दाखला देतं आणि मेल्यावर वर खडी ओततं. हे फक्त आमच्याच बाबतीत होतं असंही नाही. ज्याच्यामागे गर्दी नाही, त्याची फाईल कुठल्याही कचेरीत खालीच राहते.

शिष्यवृत्ती नको, अनुदान नको. रायगडमधल्या प्रत्येक ज्यू कबरस्तानाची सरकारी मोजणी करा, सातबाऱ्यावर नोंद घाला, पाडलेली भिंत बांधून द्या. आणि जनगणनेत आमचा वेगळा रकाना असावा, असं राज्याने केंद्राला लेखी कळवा.

बाबांचा दगड मी माझ्या पैशांनी नवा करीन. मोजणीची तारीख तेवढी कळवा. हद्द मला पाठ आहे. पूर्वेला जुनी विहीर, दक्षिणेला चिंच, आणि चिंचेपासून सातवी कबर माझ्या पणजीची. मी स्वतः येऊन दाखवते.

आपली,
ठाण्यातली एक बेने इस्रायल नागरिक