किल्ली देतं कोण?

विश्रामबाग परिसरात क्लास सुटले की अल्पवयीन मुलं तिघं-तिघं बसून दुचाकी हाणतात. पोलिसांनी अडवलं की वडिलांचा फोन, ‘सोडा हो, लहान आहे!’ आमच्या वेळी मास्तरांनी मारलं हे घरी सांगायची सोय नव्हती. घरी आणखी दोन बसायच्या. ती छडी नकोच, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ती बंद केली हे बरंच झालं. पण तिच्याबरोबर ‘नाही’ म्हणणंही गेलं. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा गुन्ह्यात पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते. वाहतूक पोलिसांनी मुलाला समज देऊन सोडण्यापेक्षा किल्ली देणाऱ्यावर कारवाई करावी. यात लाडानं किल्ली देणारे आजोबाही आले.

– एक ज्येष्ठ वाचक, सांगली