बोटीच्या नावाने शोध

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. फ्रेंच खलाशी झेर्बोचं पुस्तक शोधायला गेलीस आणि हाती इंग्रज खलाशी चिचेस्टर आला, हे वाचून मी एकटाच हसलो. पुस्तकाच्या फ्रेंच नावाचा तू शब्दशः अर्थ लावलास, 'अलोन अ‍ॅक्रॉस द अटलांटिक'. त्या नावाचं पुस्तक आहे, पण ते चिचेस्टरचं, १९६१ चं. झेर्बोचं १९२४ चं पुस्तक इंग्रजीत आलं ते 'द फाइट ऑफ द फायरक्रेस्ट' म्हणून. फायरक्रेस्ट ही त्याची बोट. जिब्राल्टरहून न्यूयॉर्कला त्याने ती एकट्याने नेली, १०१ दिवसांत.

मलाही या पुस्तकाने दमवलं होतं. मुंबईतल्या एका जुन्या लायब्ररीत मी दोन शनिवार कार्डांचे खण उपसत बसलो. आधी 'झेड' बघितला, कारण आपण म्हणतो झेर्बो. कार्ड होतं 'जी'त, कारण त्याचं स्पेलिंग 'जी'ने सुरू होतं. कार्ड सापडलं तर पुस्तक जागेवर नाही. शेवटी तिथल्या शिपायानेच ते काढून दिलं, लढायांच्या कपाटातून! 'फाइट' वाचून कुणीतरी तिकडे ढकललं होतं. पानं इतकी कुरकुरीत झाली होती की उलटताना कोपरे हातात येत.

तेव्हापासून मी पुस्तकाच्या नावावर विसंबत नाही. खलाशाचं आडनाव घालायचं, नाही जमलं तर बोटीचं. अर्जेंटिनाचा खलाशी वितो दुमास १९४२-४३ मध्ये, ऐन महायुद्धात, दक्षिण समुद्रातून पृथ्वीला वळसा घालून आला. त्याचं पुस्तक मुळात स्पॅनिश, इंग्रजी नाव वेगळं. पण बोटीचं नाव दोन्हीकडे 'लेग-२' हेच. कपाटंही दोन बघ. ही पुस्तकं विषयवार क्रमांकांत कुणी ९१०.४ ला प्रवासात लावतं, कुणी ७९७.१ ला खेळात. पुस्तकाचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, मागितला तर गोंधळू नकोस, इतक्या जुन्या पुस्तकांना तो नसतोच.

वर्ल्डकॅटवर, म्हणजे जगभरच्या लायब्ररींच्या एकत्र ऑनलाइन यादीत, प्रत कुठे आहे ते बघ आणि काउंटरवर इंटरलायब्ररी लोनचा, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीतून पुस्तक मागवायचा, फॉर्म भर. लाजायचं काय त्यात? ब्रिटिश लायब्ररीचं बोस्टन स्पाचं कोठार तुझ्या लीड्सपासून हाकेच्या अंतरावर आहे. फॉर्मवर प्रकाशन वर्ष नक्की लिही, नाहीतर वेगळीच आवृत्ती गळ्यात पडते.

जमलं तर ब्रिटिश खलाशी नॉक्स-जॉन्स्टनचं 'अ वर्ल्ड ऑफ माय ओन'ही मागव. ते दुर्मिळ नाही, पण त्याची बोट 'सुहैली' आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी. ३१२ दिवस कुठेही न थांबता त्याने जगप्रदक्षिणा केली, १९६९ मध्ये परतला. आपले दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणेला गेले ती बोट 'म्हादेई' गोव्यात बांधलेली. त्यांचं 'द फर्स्ट इंडियन' माझ्याकडे आहे, येशील तेव्हा घेऊन जा.

झेर्बो आला की मागच्या तारखांच्या चिठ्ठीचा फोटो पाठव. तुझ्याआधी कुणी केव्हा नेलं होतं, बघू.

तुझे,
बाबा