जंगल जळतंच, पण किती वर्षांनी?

माननीय संपादक साहेब, नमस्कार.

मी मूळचा साताऱ्याचा, आता बरीच वर्षं झाली कॅनडात एडमंटनला असतो आणि आपला पेपर रोज मोबाईलवर वाचतो. मागच्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं होतं की कॅनडातली जंगलं हजारो वर्षं जळतच आलीत, मग उगाच हवामानाच्या नावानं ओरडा कशाला. त्यांचं अर्धं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, पण उरलेलं अर्धं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आधी बरोबर काय ते सांगतो. २०१६ ला आमच्याच अल्बर्टा प्रांतातल्या फोर्ट मॅकमरी गावाचा वणवा झाला, ८० हजारांवर माणसांना घरदार सोडून निघावं लागलं. त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही त्या रस्त्यानं गेलो होतो, तेव्हा न जळलेल्या बाजूनं मी जॅक पाइन या इथल्या पाइनच्या झाडाचे चार-पाच कोन, म्हणजे बिया असलेली बोंडं, उचलून आणले. लाकडासारखे टणक, राळेनं घट्ट चिकटलेले, नखानं काय चाकूनंसुद्धा उघडेनात. मुलीनं ते ओव्हनमध्ये ठेवले आणि थोड्या वेळानं आतून कटकट आवाज यायला लागला, राळ वितळली, एकेक पाकळी उघडली आणि ट्रेमध्ये पंखवाल्या बारीक बिया पडल्या, घरभर राळेचा वास. म्हणजे हे झाड आगीची वाटच बघत असतं, आग गेली की राखेत बी पडतं आणि नवीन जंगल उभं राहतं. १९५० चा पश्चिम कॅनडातला चिंचागा वणवाच बघा, १४ लाख हेक्टरच्या वर जंगल जळालं होतं आणि त्याच्या धुरानं युरोपात सूर्य निळा दिसला होता. तेव्हा जळणं नवीन नाही, मान्य.

पण हा इतिहास आपल्याला कळतो कसा? तळ्यांच्या तळाशी वर्षानुवर्षं गाळ साचतो, त्यात कोळशाचे कण अडकतात, तो गाळ नळीनं उभा काढून थर मोजायचे. आणि आगीतून वाचलेल्या झाडाच्या खोडात जखमेचा व्रण राहतो, तो कुठल्या वलयात आहे बघितलं की वर्षच कळतं. यातून जे निघालं ते ऐकून मला स्वतःला धक्का बसला होता, कारण गरमी वाढली की आग वाढते एवढं सोपं ते नाहीच. पूर्वेकडच्या क्वेबेक प्रांतात ड्युपार्के तळ्याच्या भागात १८५० च्या आसपास लहान हिमयुग, म्हणजे काही शतकं चाललेला थंडीचा काळ, संपलं, हवा गरम व्हायला लागली आणि वणवे चक्क कमी झाले, कारण उन्हाळ्यात दमट हवा जास्त यायला लागली आणि दुष्काळ कमी पडले. उलट अलास्कात साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वी हवा थंड आणि ओली होत होती तरी वणवे वाढले, कारण तिथं ब्लॅक स्प्रूस हा सुईसारख्या पानांचा वृक्ष पसरला. त्याच्या फांद्या पार जमिनीपर्यंत, राळेनं भरलेल्या, खालची आग शिडीसारखी वर चढते.

म्हणजे सगळा खेळ ओलाव्याचा आणि झाडाचा. आणि भीती वाटते ती इथंच. इथल्या शास्त्रज्ञांचा हिशोब आहे की तापमान एक डिग्रीनं वाढलं तर जमिनीवरचा पालापाचोळा पूर्वीइतकाच ओला ठेवायला पाऊस साधारण १५ टक्के वाढावा लागतो. क्वेबेकला तेव्हा पावसानं साथ दिली, आता एवढा पाऊस आणणार कुठून? बर्फ लवकर वितळतं, मे महिन्यातच सगळं कोरडं ठणठणीत, त्यात कोरडी, म्हणजे पावसाशिवायची, वीज पडली की संपलं. २०२३ ला कॅनडात साधारण दीड कोटी हेक्टर जळालं, म्हणजे आपला जवळपास अर्धा महाराष्ट्र धरा. त्या मे महिन्यात आमच्याकडं सूर्य संत्र्यासारखा दिसायचा, खिडक्या बंद करून बसलो तरी घशात धूर. ऑगस्टमध्ये यलोनाइफ हे २० हजार वस्तीचं अख्खं शहर रिकामं केलं. काही आगी तर बर्फाखाली, जमिनीतल्या कुजलेल्या पाल्याच्या थरात हिवाळाभर धुमसत राहिल्या आणि पुढच्या वर्षी परत वर आल्या.

अलास्काच्या युकॉन फ्लॅट्समधल्या तळ्यांचा गाळ सांगतो की गेल्या काही दशकांत जितकं वारंवार जळतंय तितकं मागच्या १० हजार वर्षांत जळालेलं नाही. ब्लॅक स्प्रूसला पुरेसं बी धरायला काही दशकं लागतात, आणि त्याआधीच दुसरी आग आली तर झाडावर बीच नसतं, मग तिथं स्प्रूस परत येत नाही, गवत नाहीतर दुसरीच पानगळीची झाडं येतात. पूर्वी जळालेलं जंगल परत उभं राहायचं कारण दोन आगींच्या मधे त्याला वेळ मिळायचा, आणि पत्र लिहिणाऱ्या वाचकांच्या हिशोबात नेमका हाच वेळ सुटलाय.

तेव्हा संपादक साहेब, एकच विनंती. या उन्हाळ्यात इकडच्या वणव्यांच्या बातम्या छापाल तेव्हा किती हेक्टर जळालं याच्या जोडीला, तीच जागा याआधी कधी जळाली होती तेही शक्य तिथं छापा.

आपला एक वाचक,
एडमंटन, कॅनडा