पाण्याकडची भिंत

प्रिय पंत,

तब्येत ठीक आहे, गुडघाही चालतोय. आता मुद्द्याचं.

ते शिडांच्या बोटींचं लाकडी क्लबहाउस. आराखडा पक्का झाला होता, आणि परवा समितीने पाण्याकडचे, वारा पेलणारे तिरके दांडे काढून टाकायला सांगितले. तिथे सलग काच हवी. शर्यतीची सुरुवातरेषा वरच्या मजल्यावरून विनाअडथळा दिसली पाहिजे. मागणी रास्तच आहे रे, आणि म्हणूनच जीव टांगणीला लागलाय. हे तुझ्याशिवाय सांगू कोणाला?

बघ ना. जमिनीकडच्या बाजूला बोटी आत घ्यायची रुंद दारं, म्हणजे तिथे भिंत नावापुरतीच. आता समोरही काही नाही. किनाऱ्याच्या रेषेत वारा सुटला की तो पेलायला दारांमधला एकच पट्टा उरतो. वाऱ्याचा जोर मधोमध, आधार एका कडेला, मग छप्पर पिळणार. तो पीळ दोन्ही टोकांच्या आखूड भिंतींनी झेलायचा. भिंत जितकी आखूड, तितकं तिचं एक टोक जास्त जोराने वर ओढलं जातं, आणि खाली दाबून धरायला लाकडाचं वजन ते किती! काँक्रीट घनमीटरला 2400 किलो, आपलं ग्लुलॅम, म्हणजे फळ्या चिकटवून केलेलं लाकूड, 450च्या आसपास. म्हणजे पायाशी ओढ धरणारे पोलादी अँकर हवेत, तेही खाऱ्या हवेत, म्हणून 316 दर्जाचं स्टेनलेस.

एकाने पोर्टल फ्रेम सुचवली: खांब आणि तुळई कोपऱ्यात डोवेलांच्या, म्हणजे आरपार खुंट्यांच्या, वर्तुळाने जखडायची. तू तिथे असतास तर टेबलावर चढला असतास! खांबाचे तंतू उभे, तुळईचे आडवे. लाकूड तंतूंना आडवं आकसतं, लांबीत जवळपास नाहीच. दोघं एकमेकांना आकसू देणार नाहीत आणि डोवेलांच्या ओळीत चीर पडणार. शिवाय असा सांधा भाराखाली थोडा फिरतोच. इमारत टिकेल, पण एवढी मोठी काच ते डुलणं सोसणार नाही.

वसतिगृहातलं भांडण आठवतं? तू म्हणायचास, तिरका दांडा लपवायचा नाही. मी म्हणायचो, खिडकीत आडवा येतो. किती दिवस बोलला नव्हतास, आणि माझी टी-स्क्वेअर अजून तुझ्याकडेच आहे. ती पाठव!

मी ठरवलंय की समोर दोन खांबांमधला एकच गाळा दांड्यांचा ठेवायचा, अगदी टोकाला, जिथून सुरुवातरेषा दिसतच नाही. दोन जाड दांडे, खाली एकत्र येणारे, उघडे, काचेच्या आत. जिना त्यांच्या मागून वर जाईल. पीळ बराच कमी होतो, हिशेब मांडून पाहिलाय. समितीला पटवून द्यायचंय, आणि ते मी देणारच.

पण खालचा सांधा मनासारखा होत नाही. ओले शिडांचे गठ्ठे घेऊन माणसं तिथूनच जाणार. दांड्याचं कापलेलं टोक पाणी भराभर शोषतं, आणि ओलावा 20 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला वाव मिळतो. टोक फरशीपासून वीतभर वर हवं, पोलादी पट्टी आत खाचेत, पाणी कुठे साचायला नको आणि तरीही बेढब दिसायला नको. सर म्हणायचे तसं, लाकडाला वाळायला जागा ठेवायची.

तुझी नवी कार्यशाळा सुरू झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार, धाकटीच्या निकालाचं कळव.

सोबत सांध्याची तीन रेखाटनं आहेत. लाल पेनाने हवं तेवढं खोड, पण बैठकीआधी पाठव.

तुझाच