उसने नाव आणि खरा तपास

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

खऱ्याखुऱ्या वलयांकित व्यक्तींना गुप्तहेर बनवणाऱ्या विनोदी रहस्यकादंबऱ्यांवर आपल्या पुरवणीत नुकताच प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. प्रसिद्ध माणसाचे नाव मुखपृष्ठावर छापले की लेखकाचे निम्मे काम होऊन जाते, आणि हा सारा प्रकार अलीकडच्या प्रसिद्धीवेड्या काळाचे अपत्य आहे, अशी दोन विधाने त्यात केलेली आहेत. पहिले विधान अर्धवट खरे आणि दुसरे साफ चुकीचे आहे असे मला वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

नावामुळे पुस्तक हातात घेतले जाते, हे मान्य. परंतु नाव पुस्तक खपवते, लिहून देत नाही. कल्पित गुप्तहेर घडवणारा लेखक आपल्या सोयीने त्याला लंगडा करू शकतो, व्यसनी करू शकतो, मध्येच त्याचे लग्नही लावून देऊ शकतो. खऱ्या माणसाच्या बाबतीत ही मुभा नसते. त्याची चाल, त्याच्या बोलण्याची ढब, त्याचे शिक्षण, त्याच्या भीत्या, एवढेच काय, त्याच्या मृत्यूचा दिवसही वाचकाला आधीच ठाऊक असतो, आणि या कुंपणाच्या आत राहूनच खून, संशयित आणि उलगडा बसवावा लागतो. अशा पुस्तकासाठी माझी एक साधी कसोटी आहे. त्या व्यक्तीच्या जागी दुसरी कोणतीही प्रसिद्ध व्यक्ती बसवून पाहावी. उलगडा तसाच होत असेल आणि विनोदही तसाच जमत असेल, तर ते नाव वाया गेले असे खुशाल समजावे.

डेव्हिड सफीर या जर्मन लेखकाची २०२१ मध्ये आलेली कादंबरी या कसोटीला उतरते. अँगेला मेर्केल यांनी जर्मनीचे चॅन्सलरपद अजून सोडलेलेही नव्हते, तेव्हा सफीर यांनी त्यांना निवृत्त करून एका कल्पित खेड्यात पाठवले आणि तिथे त्यांच्या दाराशी एक खून आणून ठेवला. सोबतीला नवरा, अंगरक्षक आणि एक पग जातीचा कुत्रा. कुत्र्याचे नाव पुतिन! एवढ्यावर कोणीही हसेल. परंतु मेर्केल यांना एकदा कुत्रा चावला होता, त्यांना कुत्र्यांची भीती वाटते हे पुढे जगजाहीर झाले, आणि तरीही २००७ मध्ये सोची येथील भेटीत पुतिन यांची धिप्पाड काळी लॅब्राडॉर त्यांच्या पायाशी घुटमळत राहिली, हे ज्याला आठवते तो दुसऱ्यांदा हसतो. त्या भेटीच्या छायाचित्रांत मेर्केल खुर्चीत ताठ बसलेल्या आहेत आणि यजमान ऐसपैस. कादंबरीतला तो पग या छायाचित्राचा चौदा वर्षांनी उगवलेला सूड आहे. दुसऱ्या कोणत्याही निवृत्त पुढाऱ्याच्या हाती त्याचा पट्टा देऊन पाहा, गंमत उरत नाही.

एस. जे. बेनेट यांनी राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांना गुप्तहेर केले ते २०२० मध्ये, म्हणजे राणी हयात असताना. विंडसर किल्ल्यात एक तरुण रशियन पियानोवादक मृत सापडतो. पण राणी काही कोणाचे दार ठोठावू शकत नाही, संशयिताची उलटतपासणी घेऊ शकत नाही, आपल्या डोक्यात काय शिजते आहे हेसुद्धा दाखवू शकत नाही. म्हणून तिचा तपास म्हणजे सहज काढलेला एखादा विषय, आणि पायपीट सगळी सहायक सचिव रोझीची. पदाच्या मर्यादेलाच लेखिकेने तपासाची पद्धत करून टाकले आहे.

मला मात्र या सर्वांपेक्षा पीटर लव्हसी यांचा युवराज बर्टी अधिक प्रिय आहे. हे पुढे सातवे एडवर्ड म्हणून गादीवर आलेले ब्रिटिश युवराज. खाणेपिणे, शर्यती आणि बायका यांचे शौकीन. लव्हसी यांनी १९८७ मधल्या पहिल्याच कादंबरीत निवेदन बर्टीच्याच तोंडी दिले, आणि तिथेच अर्धी बाजी मारली, कारण या गृहस्थाला आपण मोठे चाणाक्ष आहोत असे मनापासून वाटते आणि त्याचा तर्क चुकतो आहे हे वाचकाला त्याच्याआधी कळते. कादंबरीचा आधार मात्र खराखुरा आणि करुण आहे. फ्रेड आर्चर हा त्या काळचा अव्वल जॉकी, ओळीने तेरा वर्षे अजिंक्य. नोव्हेंबर १८८६ मध्ये, पत्नीच्या मृत्यूला बरोबर दोन वर्षे झाली त्या दिवशी, तापाने फणफणलेल्या अवस्थेत त्याने स्वतःला गोळी घातली. तेव्हा तो अवघा एकोणतीस वर्षांचा होता. त्याआधी तो बहिणीला एवढेच म्हणाला होता, ‘ते येत आहेत का?’ ते म्हणजे कोण? इतिहासात उत्तर नाही, आणि लव्हसी यांनी नेमकी ती फट पकडली. शर्यतींचा नाद असलेल्या युवराजाने या प्रश्नामागे लागावे यात ओढूनताणून काही नाही. शिवाय हा युवराज १८९१ मध्ये पत्त्यांतल्या लबाडीवरून उभ्या राहिलेल्या एका खटल्यात खरोखरच साक्षीदार म्हणून न्यायालयात आला होता, त्यामुळे भानगडींशी त्याचा संबंध जोडायला लेखकाला फारशी कल्पनाशक्ती खर्च करावी लागली नसेल.

आता लेखातल्या पहिल्या विधानाचा खरा भाग. या प्रकारात टाकाऊ पुस्तके पुष्कळ आहेत, आणि ती बहुतेक एकाच खड्ड्यात पडतात. हजरजबाबी म्हणून गाजलेला माणूस नायक म्हणून घ्यायचा आणि त्याची जगप्रसिद्ध वाक्ये कशीबशी संवादांत कोंबायची. अशी एक कादंबरी मी साठाव्या पानावर मिटून ठेवली. प्रेत दिवाणखान्यात पडलेले असताना नायक आपलेच सुभाषितसंग्रह वाचून दाखवतो आहे, असे वाटू लागले होते. नायकाने आयुष्यात कधी न उच्चारलेले, पण त्याच्याच तोंडी शोभेल असे वाक्य लेखकाला सुचले पाहिजे, आणि ते फार थोड्यांना सुचते. रॉन गूलार्ट यांनी अमेरिकन विनोदी नट ग्राउचो मार्क्सला घेऊन १९९८ पासून सहा कादंबऱ्या लिहिल्या. रंगाने ओढलेली मिशी आणि वाकून चालण्याची ती लकब कागदावर उतरत नाही, उरते ती नुसती जीभ. आणि जो माणूस एकाही प्रश्नाचे सरळ उत्तर देत नाही, तो साक्षीदारांकडून सरळ उत्तरे कशी काढणार? गूलार्ट यांनी निवेदनाचे काम पूर्वी गुन्हेवार्ताहर असलेल्या एका पटकथालेखकाकडे सोपवून ही अडचण पुष्कळशी सोडवली आहे.

हयात व्यक्तींना घेण्यात आणखी एक धोका असतो, तो म्हणजे त्या व्यक्ती पुढे काही करून बसतात. अँड्र्यू शॅफर यांनी २०१८ मध्ये ओबामा आणि बायडेन यांची गुप्तहेर जोडी जमवली. निवेदक बायडेन, आणि मेलेला माणूस रेल्वेचा कंडक्टर. हे अचूक, कारण सिनेटर असताना बायडेन वर्षानुवर्षे रोज रेल्वेने वॉशिंग्टनला जात-येत. त्या पुस्तकाची सारी मौज बायडेन यांच्या रिकामपणात आणि जुना मित्र विचारत नाही या रुसव्यात आहे. २०२१ च्या जानेवारीत तेच बायडेन राष्ट्राध्यक्ष झाले. आज ते पुस्तक वाचताना रुसवा तेवढा लागू पडत नाही.

राहिले दुसरे विधान, म्हणजे हा सारा प्रकार अलीकडचा असल्याचे. लिलियन द ला टोर या अमेरिकन लेखिकेने अठराव्या शतकातले इंग्रज कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांना गुप्तहेर करून कथा लिहायला १९४३ मध्येच सुरुवात केली होती, आणि निवेदक म्हणून अर्थातच त्यांचा चरित्रकार बॉस्वेल. शेरलॉक होम्स वॉटसनला आपला बॉस्वेल म्हणतो, तेव्हा ही जोडी मुळात कुठून आली हे उघडच आहे. पण द ला टोर यांच्याही फार आधी, १७६२ मध्ये, खुद्द जॉन्सन एका तपासात उतरले होते. लंडनच्या कॉक लेनमध्ये एका मुलीच्या बिछान्याभोवती रात्री ठोके ऐकू येत, आणि आपल्याला विष घालून मारले असे एका मृत स्त्रीचे भूत त्या ठोक्यांतून सांगते, असा बोलबाला झाला होता. आपल्या शवपेटीवर ठोका देऊन खात्री पटवीन, असे त्या भुताने कबूल केले होते. जॉन्सन आणि इतर सभ्य गृहस्थ रात्री एकच्या सुमारास चर्चखालच्या तळघरात उतरले, भुताला गांभीर्याने त्याच्या वचनाची आठवण करून दिली आणि वाट पाहत राहिले. काहीच झाले नाही. आवाज ती मुलगीच काढते, असा निष्कर्ष जॉन्सन यांनी लिहून छापला. तरीही चार्ल्स चर्चिल या कवीने त्याच वर्षी ‘पोम्पोझो’ या नावाने त्यांची यथेच्छ टर उडवली. खरा प्रसिद्ध माणूस, खुनाचा आळ, मध्यरात्रीचा तपास आणि त्यावरचा विनोद, हे सगळे तेव्हाच एकत्र आले होते. जगातली पहिली मानली जाणारी एडगर ॲलन पो यांची गुप्तहेरकथा यायला अजून एकोणऐंशी वर्षे होती.

आपला,
रहस्यकथांचा एक जुना वाचक